ग्रंथालयाचा सामाईक लिंकसंग्रह: कोणते काम आधी, कोणते नंतर

शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटात रोज दोन-चार चांगल्या लिंक येतात आणि संध्याकाळपर्यंत शुभेच्छांच्या खाली गाडल्या जातात. मार्चमध्ये कुणीतरी विचारते, "ती ज्वालामुखीची लिंक कुणाकडे आहे का?" मग तीच लिंक पुन्हा शोधली जाते. यावर उपाय म्हणून बऱ्याच ग्रंथालयांनी सोशल बुकमार्किंगचा, म्हणजे सर्वांनी मिळून लिंक साठवून त्यांना टॅग (नंतर शोधता यावे म्हणून जोडलेले शब्द) लावण्याचा मार्ग धरला. त्यातले बरेच संग्रह दोन-तीन महिन्यांत ओस पडतात. कारण जवळजवळ नेहमी एकच असते: आधी ॲप घेतले, मग हाती लागेल ती लिंक त्यात टाकली, आणि टॅग, जबाबदारी, तपासणी यांचा विचार शेवटी केला. खरा क्रम याच्या बरोबर उलटा आहे.

खालचे टप्पे माध्यमिक शाळा किंवा कनिष्ठ महाविद्यालयाचे ग्रंथालय समोर ठेवून लिहिले आहेत. सार्वजनिक ग्रंथालयाला जिथे वेगळे करावे लागते तिथे तसे सांगितले आहे. अर्धवेळ ग्रंथपालालाही हे झेपते. मात्र पहिले चार टप्पे संपेपर्यंत एकही लिंक साठवायची नाही.

## टप्पा १: कोणासाठी, ते कागदावर लिहा

एक वाक्य लिहा. "सर्वांसाठी उपयुक्त माहिती" हे चालणार नाही. "नववी-दहावीच्या इतिहास आणि भूगोल प्रकल्पांसाठी" हे चालेल. "अकरावी-बारावी विज्ञान शाखेच्या प्रात्यक्षिकांच्या तयारीसाठी" हेही चालेल. पहिल्या वर्षी एवढेच घ्या.

मग दोन आठवडे देवघेव काउंटरवर एक वही ठेवा आणि मुले काय मागतात ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. "सर, ते गांडूळ खताचं कुठं मिळेल?" हे असेच्या असे लिहा. त्यावर "जैविक शेती" असा शिक्का मारू नका. टॅगची यादी करताना ही वही अभ्यासक्रमापेक्षा जास्त कामाला येईल.

त्याच कागदाच्या मागे काय घ्यायचे नाही ते लिहा. खाजगी क्लासच्या जाहिराती, स्रोत नसलेले फॉरवर्ड आणि टेलिग्रामवर फिरणाऱ्या पुस्तकांच्या पीडीएफ यांना प्रवेश नाही. पीडीएफच्या बाबतीत शिक्षक हमखास वाद घालतात, "मुलांसाठीच तर आहे". म्हणून नियम माहीत असू द्या. भारतात लेखकाचा हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो, आणि ही मुदत मृत्यूनंतरच्या १ जानेवारीपासून मोजतात. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणजे त्यांचे लेखन २०११ च्या सुरुवातीपासून मुक्त आहे. पु. ल. देशपांडे २००० साली गेले, त्यांचे लेखन २०६० सालच्या अखेरपर्यंत मुक्त नाही. मूळ लेखन मुक्त असले तरी नव्या आवृत्तीची प्रस्तावना किंवा अलीकडचे भाषांतर मुक्त असेलच असे नाही. मुक्त साहित्य हवे असेल तर आधी मराठी विकिस्रोत हे मुक्त ग्रंथांचे संकेतस्थळ पाहा.

तपासा: कागदावरचे वाक्य एखाद्या शिक्षकाला दाखवा आणि विचारा, "यात पाचवीच्या गणिताचा व्हिडिओ बसतो का?" उत्तर द्यायला वेळ लागला तर वाक्य अजून ढिले आहे.

## टप्पा २: खाते संस्थेचे, माणसाचे नाही

ग्रंथपालाच्या किंवा उत्साही शिक्षकाच्या वैयक्तिक जीमेलवर उभा केलेला संग्रह बदली किंवा निवृत्तीबरोबर जातो. संस्थेचा स्वतंत्र ईमेल पत्ता काढा. मुख्याध्यापकांचा नको, तेही बदलतात. नाव पदाचे असावे, "ग्रंथालय" आणि शाळेचे संक्षिप्त नाव एवढे पुरे.

खाते परत मिळवण्यासाठीचा मोबाइल क्रमांक कार्यालयाचा द्या आणि दुसरा ईमेलही जोडा. दोन टप्प्यांची पडताळणी सुरू केली असेल तर पर्यायी कोडची यादी छापून पासवर्डसह बंद पाकिटात कार्यालयाच्या कपाटात ठेवा. ओटीपी एकाच्या खिशातल्या फोनवर आणि तो माणूस दिवाळीच्या सुट्टीत गावाला, हा प्रकार फार जुना आहे.

सावधान: सलग दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक प्रकारचे खाते गूगल काढून टाकू शकते. शाळेच्या नावाने काढलेले साधे जीमेलही त्यातच मोडते. सत्रातून एकदा तरी त्यात लॉगिन करा.

## टप्पा ३: साधन निवडा, पण आधी बाहेर पडायचे दार पाहा

साधनांवर तासन्‌तास चर्चा होते, म्हणून मी इथे थोडक्यात आटोपतो. तीन पर्याय पुरेसे आहेत.

गूगल शीट: शिक्षकांना ओळखीची आणि शिकवायला सोपी. दोन-तीनशे नोंदींपर्यंत उत्तम. दिसायला रुक्ष, पण चाळणी लावता येते.

रेनड्रॉप: खरे बुकमार्किंगचे साधन. ब्राउझरमध्ये बटण बसते, संग्रहाचे सार्वजनिक पान बनते, अनेकांना मिळून भर घालता येते. मोफत योजनेत लिंकच्या संख्येवर मर्यादा नाही. तुटलेल्या लिंक शोधण्याची सोय मात्र पैसे भरणाऱ्यांना आहे.

झोटेरो: महाविद्यालयासाठी. शोधनिबंध, प्रबंध, पुस्तके यांचे तपशील ते स्वतः टिपून घेते आणि संदर्भसूचीही काढून देते. गटाचे सामाईक ग्रंथालय मोफत करता येते. फाइली साठवायला ३०० एमबीच मिळतात, पण नुसत्या नोंदींना त्या मर्यादेचा त्रास नाही. दहावीच्या मुलांना ते जड जाते.

माझे मत विचाराल तर शाळेने शीटपासून सुरुवात करावी. टॅगची शिस्त शीटवर लागली की पुढे कुठेही जाता येते, आणि नाही लागली तर निदान पैसे तरी गेले नाहीत.

कोणतेही साधन घ्या, त्यात दहा खोट्या नोंदी टाका आणि लगेच बाहेर काढून पाहा. "एक्सपोर्ट" केल्यावर सीएसव्ही किंवा एचटीएमएल फाइल मिळाली पाहिजे आणि त्यात शीर्षक, लिंक, टॅग आणि टिपण हे चारही आले पाहिजेत. ही तपासणी टाळू नका. डिलिशस हे या प्रकारातले सर्वात गाजलेले संकेतस्थळ, ते २०१७ मध्ये विकले गेले आणि नव्या नोंदींसाठी बंद झाले. लिंक नंतर वाचायला साठवून ठेवणारे पॉकेट जुलै २०२५ मध्ये बंद झाले. साधने जातातच, संग्रह हातात राहिला पाहिजे.

सावधान: सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये थेट दुहेरी क्लिकने उघडली की मराठी मजकुराचा अनेकदा चिखल दिसतो. घाबरून नोंदी पुन्हा टंकू नका आणि ती फाइल तशीच सेव्हही करू नका. एक्सेलच्या "डेटा" विभागातून फाइल आत घ्या आणि अक्षरसंचासाठी "यूटीएफ-८" निवडा. किंवा सरळ गूगल शीटमध्ये उघडा.

## टप्पा ४: टॅगची यादी

संग्रह बुडतो तो इथे, म्हणून या टप्प्याला पूर्ण आठवडा द्या. आपण सगळे एकच भाषा लिहितो असे वाटते, पण पाच शिक्षकांनी टॅग लावले की "भूगोल", "भुगोल", "भूगोल विषय", "भौगोलिक" आणि "नकाशा" अशी पाच दुकाने उघडतात आणि एका दुकानात शोधणाऱ्याला उरलेली चार कधीच दिसत नाहीत.

यादी अशी करा.

१. तीन प्रकारचे टॅग ठरवा आणि तेवढेच बंधनकारक ठेवा: इयत्ता, विषय आणि साहित्याचा प्रकार (लेख, व्हिडिओ, नकाशा, शासकीय कागद, प्रबंध, सराव प्रश्न). हे तिन्ही मिळून तीसच्या आत बसवा.

२. चौथा प्रकार मुक्त. घटकाचे नाव, व्यक्ती, गाव, पीक, काहीही. इथे शिक्षकांना मोकळीक द्या. सोशल बुकमार्किंगचा फायदा इथेच आहे, कारण ग्रंथपालाला न सुचलेला शब्द विज्ञानाच्या बाईंना सुचतो. महिन्यातून एकदा हे मुक्त टॅग वाचून सारखे असलेले एकत्र करा.

३. टॅग नेहमी मूळ रूपात ठेवा. "शेती" लिहा, "शेतीचे" नको. "किल्ला" की "किल्ले" ते एकदा ठरवा आणि सगळीकडे तेच वापरा.

४. जोडशब्दात जागा सोडायची की नाही ते ठरवा. काही साधने जागा दिसली की "पाणलोट क्षेत्र" चे दोन टॅग करतात. मधे आडवी रेघ द्या: "पाणलोट-क्षेत्र".

५. व्यक्तींची नावे पूर्ण आणि ओळख पटेल अशी. नुसते "शाहू महाराज" लिहिले तर साताऱ्याचे छत्रपती शाहू आणि कोल्हापूरचे राजर्षी शाहू एकाच ढिगात पडतात, आणि मुलाच्या प्रकल्पात वेदोक्त प्रकरणाशेजारी बाळाजी विश्वनाथ येऊन बसतात.

६. बदललेल्या गावांना दोन्ही नावे. नवीन शासकीय कागदांत छत्रपती संभाजीनगर, धाराशिव, अहिल्यानगर आहे. जुन्या गॅझेटिअरमध्ये आणि प्रबंधांत औरंगाबाद, उस्मानाबाद, अहमदनगर. एकच नाव लावले तर अर्धे साहित्य हाती लागत नाही.

७. ग्रंथालयात ड्यूई पद्धतीने (पुस्तकांना विषयवार अंक देऊन) वर्गीकरण असेल तर एका रकान्यात वर्गांकही द्या. मराठी साहित्याच्या लिंकवर ८९१.४६ असेल तर त्याच विषयाचे पुस्तक कपाटात कुठे आहे तेही मुलाला सांगता येते. वर्गीकरण नसेल तर या रकान्याच्या मागे लागू नका.

आता एक अडचण, जी इंग्रजी मार्गदर्शिकांत सापडणार नाही. मराठीत काही अक्षरे पडद्यावर सारखी दिसतात पण संगणकाच्या लेखी वेगळी असतात. "दुसऱ्या" मधला अर्धा र दोन प्रकारे टंकता येतो. "ॲप" मधला ॲ एक स्वतंत्र अक्षर म्हणून येतो किंवा "अ" वर चंद्र ठेवून येतो. डोळ्यांना फरक कळत नाही, पण "शोधा" मध्ये एक टंकले की दुसरे सापडेलच असे नाही. म्हणून बंधनकारक टॅग कुणीही हाताने टंकू नयेत. शीटमध्ये त्या रकान्याला "डेटा व्हॅलिडेशन" लावून निवडयादी द्या. इतर साधनांत टंकायला लागल्यावर खाली जी सूचना येते तीच निवडायची, हा नियम करा.

मुले मोबाइलवर बहुतेक वेळा रोमन लिपीत मराठी टंकतात. त्यांच्यासाठी वेगळे टॅग करू नका, यादी दुप्पट होईल. टिपणाच्या शेवटी त्या विषयाचे एक रोमन रूप लिहून ठेवा. शोध टिपणातही चालतो.

तपासा: काउंटरच्या वहीतले दहा प्रश्न काढा. प्रत्येकाला यादीतला कोणता टॅग लागेल ते दोन शिक्षकांना वेगवेगळे लिहायला सांगा. दहापैकी आठ जुळले तर पुढे जा. कमी जुळले तर शिक्षकांना दोष देऊ नका, यादी दुरुस्त करा.

## टप्पा ५: नोंदीचा साचा

प्रत्येक लिंकला दाखल क्रमांक असलेल्या पुस्तकासारखे वागवा. रकाने हे: शीर्षक, लिंक, दोन ओळींचे टिपण, बंधनकारक तीन टॅग, मुक्त टॅग, कुणी घातली, कधी तपासली.

शीर्षक पानावर असेल ते तसेच घेऊ नका. पुष्कळ शासकीय पानांचे शीर्षक नुसते "मुख्यपृष्ठ" असते आणि यूट्यूबवर ते मोठ्या अक्षरांत ओरडत असते. मुलाला समजेल असे लिहा.

टिपण हा या साच्याचा जीव आहे. "खूप उपयुक्त माहिती, नक्की वाचा" हे टिपण नाही. टिपणात तीन गोष्टी हव्यात: आत काय आहे, किती वेळ लागेल किंवा किती पाने आहेत, आणि काय नाही. उदाहरणार्थ, विश्वकोशातल्या कोयना धरणावरच्या नोंदीसाठी असे लिहिता येईल: "धरणाची रचना आणि वीजनिर्मितीची मांडणी. भाषा अवघड, दहावीपासून पुढे. ताजी आकडेवारी यात शोधू नका, छापील खंडाच्या काळाची आहे." असे लिहिले की शिक्षकाला लिंक न उघडताच निर्णय घेता येतो.

काही प्रकारच्या साहित्याला लिंकखेरीज एक ओळखखूण असते. ती टिपणात अवश्य उतरवा, म्हणजे लिंक तुटली तरी वस्तू सापडते:

- शासन निर्णय: १८ अंकी संकेतांक. त्यातले पहिले आठ अंक वर्ष, महिना आणि दिवस सांगतात. संकेतस्थळाची मांडणी बदलली तरी हा क्रमांक टाकून निर्णय शोधता येतो.
- बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर: शासनाच्या "दीक्षा" या शैक्षणिक संकेतस्थळावर नेतो. क्यूआरखाली छापलेला सहा अक्षरांचा कोडही लिहा.
- शोधगंगेवरचे (भारतीय विद्यापीठांच्या प्रबंधांच्या संग्रहावरचे) प्रबंध: ब्राउझरच्या वरच्या पट्टीतला पत्ता घेऊ नका. प्रबंधाच्या पानावर दिलेला कायमचा "हँडल" पत्ता घ्या.
- विकिपीडिया: मजकूर रोज बदलू शकतो. प्रकल्पात उद्धृत करायचे असेल तर डावीकडच्या किंवा "साधने" यादीतून त्या आवृत्तीचा कायमचा दुवा काढा.

जुन्या मराठी पीडीएफमध्ये मजकूर युनिकोडमध्ये नसतो. त्यातले एखादे वाक्य निवडून दुसरीकडे चिकटवा. अगम्य चिन्हे आली तर टिपणात "आत शोध चालत नाही" असे लिहा. मुलाचा अर्धा तास वाचतो.

## टप्पा ६: लिंक साफ करा, मगच साठवा

फेसबुक किंवा व्हॉट्सॲपवरून आलेल्या पत्त्याला प्रश्नचिन्हानंतर मोठे शेपूट असते. त्यातला बराच भाग तुम्ही कुठून आलात याची पाळत ठेवणारा असतो. तो काढल्यावर पाने सहसा नीट उघडतात आणि एकच लिंक दोनदा साठवली तर लक्षातही येते.

सावधान: प्रश्नचिन्ह दिसले की कापले, असे करू नका. यूट्यूबच्या लांब पत्त्यात व्हिडिओची ओळख प्रश्नचिन्हानंतरच येते. ती कापली तर लिंक मुखपृष्ठावर जाते. पुष्कळ शासकीय संकेतस्थळांचेही तसेच आहे. कापून झाल्यावर नव्या खिडकीत उघडून पाहणे हाच एक भरवशाचा मार्ग.

देवनागरी अक्षरे असलेला पत्ता चिकटवला की तो टक्क्याच्या चिन्हांनी भरलेली लांबलचक रांग होतो, कारण प्रत्येक देवनागरी चिन्हामागे नऊ अक्षरे खर्ची पडतात. तो बिघडलेला नाही. मधेच तोडू नका, आणि शेवटी कंस असेल तर तोही लिंकमध्ये आला आहे का ते पाहा.

आखूड केलेली लिंक कधीही साठवू नका. ती उघडा आणि शेवटी जिथे पोचता तो खरा पत्ता घ्या. गूगलनेही आपल्या आखूड लिंकच्या सेवेत नव्या लिंक बनवणे २०१९ मध्ये बंद केले. मधल्या दुकानदारावर संग्रह टांगून ठेवण्यात अर्थ नाही.

साठवण्यापूर्वीची शेवटची चाचणी: ब्राउझरच्या इन्कॉग्निटो खिडकीत, शाळेचे वायफाय बंद करून, मोबाइल डेटावर लिंक उघडा. गूगल ड्राइव्हच्या निम्म्या लिंक इथे "परवानगी मागा" म्हणून अडतात. महाविद्यालयात एन-लिस्ट या ई-साहित्य सेवेतून उघडलेल्या नियतकालिकांचे पत्तेही लॉगिनशिवाय बंद राहतात. अशी लिंक ठेवायची असेल तर टिपणात "महाविद्यालयाचे लॉगिन लागते" असे लिहा.

महत्त्वाच्या पानाची एक प्रत इंटरनेट अर्काइव्हच्या "वेबॅक मशीन"मध्ये जतन करून तो पत्ताही टिपणात ठेवा. फक्त त्यावरच विसंबू नका. ऑक्टोबर २०२४ मध्ये सायबर हल्ल्यानंतर तेही काही दिवस बंद होते.

## टप्पा ७: पहिल्या चाळीस नोंदी एकट्याने

रिकामा संग्रह दाखवून "यात भर घाला" म्हटले तर कुणी घालत नाही. सहाशे लिंक भरलेला दाखवला तर कुणी वाचत नाही. चाळीस ठीक आहेत. त्या ग्रंथपालाने स्वतः, साच्याप्रमाणे, पूर्ण टिपणासह घालाव्यात. शिक्षक तुमच्या नियमांचा कागद वाचत नाहीत, समोर दिसते तसे करतात. म्हणून पहिल्या नोंदी नमुना म्हणूनच करा.

सुरुवात भरवशाच्या ठिकाणांपासून करा: मराठी विश्वकोश, बालभारतीचे ई-ग्रंथालय, दीक्षा, आयआयटी खरगपूरने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय, शोधगंगा. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येतो, तो भाषाशिक्षकांना हमखास आवडतो. इथे एक चूक सर्रास होते: संकेतस्थळाच्या मुखपृष्ठाची लिंक देणे. "विश्वकोश पाहा" म्हणजे मुलाला कपाटासमोर उभे करून निघून जाणे. थेट नोंदीची लिंक द्या.

मग व्हॉट्सॲपच्या विहिरीत उतरा. गटाच्या माहितीत मीडिया, लिंक आणि कागदपत्रांचा विभाग असतो. तिथे लिंक एका रांगेत मिळतात. मागच्या एका सत्रापुरत्याच पाहा आणि टप्पा १ च्या वाक्यात बसतील त्याच घ्या. बाकी सोडून द्या, वाईट वाटून घेऊ नका.

सावधान: काहीजण पूर्ण गट "एक्सपोर्ट" करून ती फाइल सामाईक फोल्डरमध्ये टाकतात. त्यात लोकांची नावे किंवा फोन क्रमांक आणि खाजगी बोलणे असते. हे करू नका.

सार्वजनिक ग्रंथालयात अभ्यासिकेतल्या स्पर्धा परीक्षार्थींचे प्रश्न आधी येतात. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या जाहिराती आणि अभ्यासक्रम आयोगाच्याच संकेतस्थळावरून घ्या आणि प्रत्येक जाहिरातीच्या नोंदीत अर्जाची अंतिम तारीख लिहा. ती उलटली की नोंद काढायची. मुदत संपलेली जाहिरात संग्रहाची विश्वासार्हता एका दिवसात घालवते.

## टप्पा ८: शिक्षकांना आत घ्या, किल्ल्या मात्र मोजून द्या

सर्वात महागात पडणारी चूक इथली आहे: शीट "लिंक असलेल्या कोणालाही एडिटर" करून गटात टाकणे. कुणाच्या तरी लेकराच्या हातात फोन जातो आणि दोन रकाने नाहीसे होतात. तसे झालेच तर "व्हर्जन हिस्टरी"तून मागची प्रत परत आणता येते, पण वेळ कशाला येऊ द्यावी?

योग्य मांडणी अशी. सर्वांना "व्ह्यूअर". दर विषयाचा एक शिक्षक "एडिटर", तोही ईमेलने नाव घेऊन. बाकीच्यांसाठी गूगल फॉर्म: लिंक, एक ओळ, इयत्ता. फॉर्म वेगळ्या "प्रतीक्षा" पानावर पडेल आणि विषयशिक्षक किंवा ग्रंथपाल पाहून मुख्य पानावर नेईल. रेनड्रॉपमध्येही सहकाऱ्याला फक्त पाहण्याची की बदलण्याची मुभा द्यायची ते ठरवता येते.

शिक्षकांचे प्रशिक्षण अर्ध्या तासात उरका आणि सादरीकरण नको. प्रत्येकाने स्वतःच्या फोनवरून एक लिंक साफ करून, टिपण लिहून फॉर्ममधून पाठवायची. ती पाठवून झाली की चहा.

गटात लिंक टाकण्याची सवय मोडायला जाऊ नका, ती मोडत नाही. कुणी चांगली लिंक टाकली की ग्रंथपालाने ती संग्रहात घालून त्याच संदेशाला उत्तर द्यावे: "नोंद केली, टॅग: ज्वालामुखी, नववी." चार-सहा वेळा झाले की लोक आपणहून फॉर्म भरायला लागतात.

मुलांना खाती काढायला लावू नका. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा १८ वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानतो आणि त्यांची माहिती घ्यायला पालकांची संमती मागतो. संग्रह पाहायला खाते लागत नाही. मुलांनी लिंक सुचवाव्यात असे वाटत असेल तर फॉर्ममध्ये ईमेल गोळा करण्याचा पर्याय बंद ठेवा आणि नावाऐवजी फक्त इयत्ता विचारा.

## टप्पा ९: मुलांच्या नजरेसमोर आणा

एकच मोठा क्यूआर दारावर लावून भागत नाही. भूगोलाच्या कपाटावर भूगोलाच्या नोंदींचा, प्रयोगशाळेच्या दारावर प्रात्यक्षिकांचा, असे वेगवेगळे लावा. क्रोम ब्राउझरच्या शेअर यादीतून साधा क्यूआर मोफत निघतो आणि त्यात पत्ता थेट भरलेला असतो. "नंतर बदलता येणारा क्यूआर" देणारी मोफत संकेतस्थळे चाचणीची मुदत संपली की तो बंद करू शकतात, आणि तोवर तुमचे फलक छापून झालेले असतात.

क्यूआर हातातल्या अंतरावरून वाचायचा असेल तर किमान अडीच सेंटिमीटर, दूरच्या फलकावर अंतराच्या एक दशांश रुंदी धरा. कडेची पांढरी चौकट कापू नका. चकचकीत लॅमिनेशनवर ट्यूबलाइटचा प्रकाश पडला की फोन आंधळा होतो, फलक लावण्याआधी तिथे धरून पाहा. आणि क्यूआरखाली मराठीत लिहा की तो उघडल्यावर काय मिळेल.

ज्यांच्याकडे फोन नाही त्या मुलांसाठी दर महिन्याच्या निवडक दहा नोंदी, टिपणांसह, छापून फलकावर लावा. ग्रंथालयातल्या एका संगणकाचे मुखपृष्ठही संग्रहावरच उघडू द्या.

## टप्पा १०: तपासणी, निर्लेखन (नोंद यादीतून काढणे), चार्ज

दर सत्राच्या शेवटी प्रत्येक लिंक उघडून "कधी तपासली" रकान्यात तारीख भरा. तारीख सर्वांनी एकाच अंकलिपीत आणि वर्ष-महिना-दिवस अशा क्रमाने लिहा, नाहीतर रकाना क्रमाने लावता येत नाही. काम विषयशिक्षकांत वाटा, एकेकाला वीस-पंचवीस लिंक येतील.

लिंक नुसती उघडते एवढ्याने ती जिवंत ठरत नाही. पान उघडते पण आतला मजकूर बदललेला असतो, किंवा मालकी हक्क संपलेल्या पत्त्यावर जुगाराची जाहिरात बसलेली असते. हा दुसरा प्रकार शाळेसाठी घातक आहे, म्हणून तपासणी यंत्रावर न सोडता डोळ्यांनी करा.

तुटलेली लिंक लगेच पुसू नका. आधी ओळखखुणेने नवीन पत्ता शोधा, मग वेबॅक मशीन पाहा. दोन्हीकडे नाही मिळाले तर "निर्लेखित" नावाच्या पानावर हलवा, कारण आणि तारीख लिहून. पुढच्या वर्षी तीच लिंक कुणीतरी पुन्हा सुचवणार आहे.

तपासणीच्याच दिवशी पूर्ण संग्रहाची फाइल उतरवून घ्या, नावात तारीख घाला आणि एक प्रत कार्यालयाच्या संगणकावर, एक पेनड्राइव्हवर ठेवा.

ग्रंथपाल बदलला तर चार्जच्या यादीत पुस्तके, कपाटे आणि शिक्क्यांबरोबर हेही असावे: खात्याचा पासवर्ड, पर्यायी कोडचे पाकीट, टॅगची यादी, शेवटची उतरवलेली फाइल आणि एडिटरांची नावे. नव्या ग्रंथपालाने सही करण्याआधी स्वतः लॉगिन करावे, ओटीपी कार्यालयाच्याच फोनवर येतो का ते पाहावे, एक नोंद घालून एक काढावी आणि उतरवलेली फाइल उघडून त्यातली मराठी वाचता येते याची खात्री करावी. गेलेल्या माणसाचा फोन खात्याला जोडलेला असेल तर तो त्याच दिवशी, तो समोर असतानाच काढून टाका.